खाजणातल्या ट्रॅक्टरची बॅटरी

विजेवर चालणारा बागेचा लहान ट्रॅक्टर घ्यावयाचा तर त्यात शिशाची बॅटरी असावी की लिथियमची, हा प्रश्न भाईंदरच्या रहिवाशाला प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. कारण ट्रॅक्टर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घाटावरची विस्तीर्ण काळी जमीन आणि धूर सोडीत जाणारे अवजड यंत्र उभे राहते, आणि स्थानकाबाहेरच्या गर्दीत वावरणाऱ्या माणसाला आपल्या नगराच्या हद्दीत अजून नांगरट होते याचे स्मरणही राहत नाही. परंतु पश्चिमेकडून उत्तनचा रस्ता धरला की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकामागून एक लागतात, पुढे डोंगरी, उत्तन, पाली, चौक असा समुद्राकाठचा पट्टा सुरू होतो, आणि इमारतींची दाटी जेथे विरळ होते तेथे मिठागरांच्या बांधांपलीकडे भाताची खाचरे, विहिरीच्या पाण्यावरचे भाजीचे वाफे आणि नारळाच्या वाड्या असे शेतीचे उरलेसुरले तुकडे दिसू लागतात. हे तुकडे गुंठ्यांत मोजण्याजोगे आहेत. बैलजोडी बाळगणे त्यांच्या मालकांना परवडत नाही, डिझेलचा मोठा ट्रॅक्टर बांधावरून आत शिरत नाही, आणि मजूर मिळणे दिवसेंदिवस दुर्घट होत चालले आहे. यांच्या जोडीला केशवसृष्टीसारखे झाडीचे विस्तीर्ण परिसर आहेत, गृहनिर्माण संस्थांची आवारे आहेत, महानगरपालिकेची उद्याने व मैदाने आहेत, जेथे गवत कापणे आणि पालापाचोळा, माती, खत वाहून नेणे ही कामे नित्याची होत. अशा कामांसाठी बॅटरीवरचे लहान यंत्र ही आता दूरची गोष्ट राहिलेली नाही. म्हणून त्याच्या पोटात काय असावे याचा विचार खरेदीच्या आधी व्हावयास हवा.

माझे मत आरंभीच सांगतो. या पट्ट्यातील जमीन, येथील खारी हवा आणि येथल्या माणसाची यंत्र वापरण्याची रीत या तिन्ही गोष्टी लक्षात घेता लोह-फॉस्फेट जातीची लिथियम बॅटरीच घ्यावी, आणि शिशाची बॅटरी केवळ पहिली किंमत कमी म्हणून पत्करू नये. लिथियम नवे आहे म्हणून ते श्रेष्ठ, असे मी म्हणत नाही. शिशाच्या बाजूनेही काही मुद्दे खरोखर वजनदार आहेत, आणि त्यांचा विचार केल्यावाचून हा निर्णय न्याय्य होणार नाही.

बागेच्या ट्रॅक्टरला विजेवर चालविण्याची कल्पना मुळीच ताजी नाही. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९ साली ‘इलेक-ट्रॅक’ या नावाचा असा ट्रॅक्टर बाजारात आणला होता. सहा-सहा व्होल्टच्या सहा शिशाच्या बॅटऱ्या जोडून ३६ व्होल्टचा संच त्यात बसविलेला असे, आणि त्यावर गवत कापण्यापासून बर्फ सारण्यापर्यंतची अवजारे चालत. सत्तरच्या दशकाच्या मध्यास त्याचे उत्पादन थांबले. तथापि त्यांतील कित्येक यंत्रे हौशी मालकांनी आजतागायत चालती ठेवली आहेत, आणि त्यांचा इतिहास पाहिला असता ध्यानात येते की मोटार, चाके, सांगाडा ही सगळी दशकानुदशके टिकतात, बदलावी लागते ती बॅटरी. म्हणजे ट्रॅक्टर एकदाच घेतला जातो, पण बॅटरी पुनःपुन्हा घ्यावी लागते, आणि खरा खर्चवेच त्या दुसऱ्या, तिसऱ्या खरेदीत दडलेला असतो. इलेक-ट्रॅकच्या कर्त्यांपुढे लिथियमचा पर्यायच नव्हता. फ्रान्समधील गॅस्ताँ प्लाँते याने १८५९ साली सिद्ध केलेला शिसे व गंधकाम्ल यांचा घट हाच व्यवहारात त्यांच्या हाताशी होता. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती १९९१ साली, सोनी कंपनीकडून. आणि लोह-फॉस्फेटचा वापर करणारी तिची जात त्याच दशकात जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेत जन्मली. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना लिथियम-आयन बॅटरीच्या कामाबद्दल २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने २०२३ साली ‘प्रायमा ईटी ११’ हा लहान विद्युत ट्रॅक्टर जाहीर केला, तोही लिथियमवरच आधारलेला: घरातल्या साध्या सॉकेटवर सात-आठ तास चार्ज, शेतात चार तासांहून अधिक काम, आणि बॅटरीचे आयुष्य तीन हजारांहून अधिक आवर्तनांचे (एकदा भरून रिकामी करणे म्हणजे एक आवर्तन), असे संस्थेने सांगितले. लहान शेतकऱ्याचा विचार करून बांधलेल्या यंत्रात सरकारी संस्थेने शिसे टाळले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आता हिशेबाकडे वळू. दुकानात बॅटरीवर जो आकडा लिहिलेला असतो, तो वाचून गिऱ्हाइकाची जितकी दिशाभूल होते तितकी विक्रेत्याच्या कोणत्याही भाषणाने होत नसेल. बारा व्होल्टच्या, शंभर अँपिअर-तासांच्या चार शिशाच्या बॅटऱ्या ओळीने जोडल्या की ४८ व्होल्टचा संच होतो, आणि कागदावर त्यात ४.८ युनिट वीज मावते. परंतु शंभर हा आकडा बहुधा वीस तासांच्या संथ वापराचा असतो. पाच अँपिअर या मंद गतीने वीज काढली तर ती वीस तास पुरेल, एवढाच त्याचा अर्थ. नांगर मातीत उतरला की लहान ट्रॅक्टरची मोटार सहज चाळीस-पन्नास अँपिअर खेचते, आणि इतक्या वेगाने वीज काढू लागताच शिशाचा घट आपल्या साठ्याचा मोठा भाग आतच अडवून ठेवतो. शंभरातले साठ-पासष्टच हाती लागतात. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली हा नियम मांडला, आणि सव्वाशे वर्षांनंतरही तो शिशाच्या बॅटरीला ढोबळमानाने लागू आहे. त्यावर दुसरी मर्यादा अशी की, संच टिकावा असे वाटत असेल तर तो निम्म्याहून अधिक रिकामा करू नये. या दोन्ही गोष्टी जमेस धरल्या म्हणजे ४.८ युनिटांच्या संचातून दररोज निम्म्याहूनही कमीच वीज घेण्याची मुभा राहते. याउलट लोह-फॉस्फेटचा ५१.२ व्होल्टचा, पन्नास अँपिअर-तासांचा संच घेतला तर त्यात सुमारे अडीच युनिट वीज असते, तिच्यातली नव्वद टक्के निर्धास्तपणे वापरता येते, आणि वेगाने काढल्याने ती फारशी घटत नाही. तात्पर्य, कागदावर निम्म्या दिसणाऱ्या लिथियमच्या संचाने दुप्पट दिसणाऱ्या शिशाच्या संचाइतके तरी काम होते. ‘शंभरला शंभर’ अशी तुलना करून लिथियम दुप्पट-तिप्पट महाग ठरविणारा गिऱ्हाईक मुळात चुकीच्या मापाने मोजीत असतो.

आयुष्याचा हिशेबही याच धर्तीवर मांडावा. चांगल्या प्रतीची, खोल वापरासाठी बनविलेली शिशाची बॅटरी निम्म्या रिकामीकरणावर पाचशे ते हजार आवर्तने देते. मोटारगाडी सुरू करण्यासाठी बनविलेली साधी बॅटरी कोणी स्वस्त म्हणून ट्रॅक्टरला लावली तर ती वर्षभरातही बसू शकते, कारण तिच्या पातळ पट्ट्या क्षणभराच्या जोरासाठी घडविलेल्या असतात, तासन्‌तासाच्या ओढीसाठी नव्हे. लोह-फॉस्फेटची बॅटरी दोन ते चार हजार आवर्तने सहज देते. शिवाय शिशाच्या घटात भरलेल्या विजेपैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही थोडा अधिक उष्णतेच्या व वायूच्या रूपाने वाया जातो. लिथियममध्ये ही तूट पाच टक्क्यांच्या आसपास राहते. दुकानदाराच्या पावतीवर यांपैकी एकही गोष्ट दिसत नाही.

शिशाच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद मात्र किमतीचा नाही, वजनाचा आहे, आणि तो मी आदराने मांडतो. स्कूटरमध्ये वजन हा दोष असतो, ट्रॅक्टरमध्ये तो गुण असतो. चाकाने माती पकडावी आणि नांगर ओढावा यासाठी यंत्र जड असावे लागते. म्हणूनच डिझेल ट्रॅक्टरचे मालक टायरमध्ये पाणी भरतात आणि पुढे लोखंडी वजने लटकवितात. वर सांगितलेल्या चार शिशाच्या बॅटऱ्यांचे वजन सव्वाशे किलोच्या घरात जाते, आणि तेवढे वजन फुकटात चाकांवर पडले तर बिघडले कुठे, असा प्रश्न जाणता शेतकरी विचारील. इलेक-ट्रॅकचे मालकही हेच म्हणत आले आहेत. अमेरिकेतील घट्ट माती, बर्फ आणि हिरवळ यांच्यासाठी त्यांचे म्हणणे मान्य करावयास काही हरकत नाही.

पण आपली जमीन ती नव्हे. राई-मोर्व्याच्या खाचरात जुलै महिन्यात उतरून पाहावे. वर घोट्याएवढे पाणी, त्याखाली खाडीच्या गाळाची चिकण माती, पाय रोवला की पिंढरीपर्यंत आत जातो आणि काढताना चिखल त्याला सहजासहजी सोडीत नाही. अशा जमिनीत सव्वाशे किलो अधिक म्हणजे चाकाला अधिक पकड असे समीकरण उरत नाही. चाक खाली रुतते, ते बाहेर काढण्यासाठी मोटार आणखी वीज खेचते, आणि वर सांगितलेल्या नियमानुसार शिशाची बॅटरी नेमकी त्याच क्षणी अधिक वेगाने क्षीण होते. यंत्र बाहेर निघाले तरी मागे राहिलेली चाकोरी पाणी धरून ठेवते आणि खालची माती दाबली जाऊन पुढच्या हंगामात पिकाच्या मुळांना आड येते. नोव्हेंबरात तीच माती वाळून फरशीसारखी कठीण होते, तेव्हा मात्र वजन हवेसे वाटते. वजन हवे तेव्हा घालता यावे आणि नको तेव्हा काढता यावे, ही या जमिनीची खरी गरज आहे. लिथियमचा संच पंचवीस किलोंच्या आसपास असतो. कोरड्या हंगामात लोखंडाची वजने किंवा वाळूची पोती बांधावीत, पावसाळ्यात ती उतरवून ठेवावीत. शिशाचे वजन असे उतरवता येत नाही, कारण तेच वजन यंत्राचा प्राण आहे.

हलकेपणाचा दुसरा लाभ याहूनही मोठा आहे. येथील शेताच्या तुकड्यावर वीज क्वचितच असते. घर एका बाजूला आणि खाचर दुसऱ्या बाजूला, अशीच बहुतेकांची स्थिती. लिथियमची पेटी एक माणूस, फार तर दोघे, उचलून घरापर्यंत आणू शकतात. सव्वाशे किलोंचा संच कोणी उचलीत नाही. तेथे यंत्रच चार्जरपाशी आणावे लागते, आणि अरुंद बांधावरून ते रोज आणणे म्हणजे रोजची वीज त्या येण्याजाण्यातच खर्ची घालणे होय.

तथापि माझ्या मते निर्णायक ठरावा असा मुद्दा निगराणीचा आहे. शिशाची बॅटरी ही गोठ्यातल्या बैलासारखी आहे. तो कामावर जावो वा न जावो, वैरण-पाणी त्याला वेळेवर लागतेच. तिला नेहमी पूर्ण भरलेले राहणे मानवते. काम संपवून ती अर्धवट रिकामी तशीच ठेवली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे पांढुरके खडे घट्ट होत जातात, आणि ते एकदा घट्ट झाले की किती चार्ज केले तरी तितकी जागा कायमची गेलेली असते. पूर्ण भरण्यालाही वेळ लागतो. पहिले ऐंशी टक्के भराभर चढतात, उरलेल्या वीसांसाठी मंदगतीने कित्येक तास द्यावे लागतात, आणि घाईत असलेला माणूस नेमका तेथेच प्लग काढून घेतो. शिवाय पाणी. उन्हाळ्यात चार-सहा आठवडे कोणी झाकणे उघडलीच नाहीत तर आत डोकावल्यावर ॲसिडाची पातळी खाली गेलेली आणि पट्ट्यांची टोके उघडी पडलेली दिसतात. उघडा पडलेला भाग बहुधा पुन्हा कामाचा राहत नाही. आपल्या किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेची भर पडते. टर्मिनलवर पांढऱ्या-निळसर बुरशीसारखा थर चढतो, तांब्याच्या तारेची टोके हिरवी पडतात, जोड सैल होतात. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ते धुवावे, पुसून कोरडे करावे आणि वर ग्रीसचा हात फिरवावा, ही कामे महिन्या-दीड महिन्याने न चुकता करावी लागतात. ज्याच्याकडे रोजचा चालक आणि नियमित देखभाल आहे त्याने ही शिस्त पाळली तर शिशाची बॅटरी त्याला इमानाने साथ देईल. पण आपल्या तुकड्यांचा मालक सकाळची लोकल पकडून नोकरीला जाणारा गृहस्थ आहे. त्याचा ट्रॅक्टर भाताच्या दिवसांत आठ दिवस राबतो, मग महिनाभर उभा, मग भाजीच्या वाफ्यांसाठी चार दिवस, आणि एप्रिल-मेच्या ऐन उष्म्यात पुन्हा स्वस्थ. उष्णता जितकी अधिक तितकी शिशाची बॅटरी आपोआप अधिक वेगाने उतरते. अशा तुटक वापरात ती झिजत नाही, कुजते. लिथियमची बॅटरी निम्मी भरून, जोड काढून, सावलीत ठेवली तर महिनोन्‌महिने आपले सत्त्व राखून राहते. उलट तिला सतत काठोकाठ भरलेली ठेवणेच तिच्या हिताचे नसते. अधूनमधून वापर करणाऱ्या माणसाच्या स्वभावाशी जिचा स्वभाव जुळतो, ती हीच.

लिथियमचे दोष झाकून ठेवण्याचा मात्र माझा उद्देश नाही. खाडीपलीकडच्या वसईत सप्टेंबर २०२२ मध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचे एक बालक त्यात भाजून पुढे मृत्यू पावले. ही घटना आपल्या शेजारची आहे, आणि बॅटरी घरात आणावी असे लिहिणाऱ्याने ती डोळ्यांआड करणे हा अपराध ठरेल. म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. पहिली ही की, जात पाहून घ्यावी. लिथियमच्या सर्वच बॅटऱ्या सारख्या नव्हेत. निकेल, मँगेनीज व कोबाल्ट यांवर आधारलेली जात हलकी व जोमदार असते, पण तापली असता तिच्यातून प्राणवायू सुटतो आणि तोच आग भडकवितो. लोह-फॉस्फेटमधील प्राणवायू स्फुरदाशी घट्ट जखडलेला असल्यामुळे ती जात बरेच अधिक तापमान सोसते. ट्रॅक्टरला निकेलच्या हलकेपणाची गरज नाही, तेव्हा तो धोका पत्करण्याचे कारणही नाही. दुसरी गोष्ट, बॅटरी निजण्याच्या खोलीत, दाराच्या वाटेवर किंवा जिन्याखाली कदापि चार्ज करू नये. ओटी, पडवी किंवा यंत्राची मोकळी शेड हीच तिची जागा, आणि तीही माणसे जागी असताना. २०२२ च्या आगींनंतर केंद्राने वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी ‘एआयएस-१५६’ या मानकाचे नियम अधिक कडक केले. बागेचे यंत्र त्यांच्या कक्षेत येत नसले तरी त्या मानकाला उतरलेला संच मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. जुन्या गाड्यांतून निघालेले घट नव्या वेष्टनात भरून विकणारा एक बाजार आहे, आणि तेथून आलेल्या बॅटरीची कोणतीही जात भरवशाची नसते.

आणखी एक व्यावहारिक अडचण अशी की, शिशाची बॅटरी थकत थकत जाते. यंत्र मंदावते आणि चालक वेळीच घराकडे वळतो. लोह-फॉस्फेटचा जोर मात्र अखेरपर्यंत जवळजवळ एकसारखा राहतो, आणि मग आतले नियंत्रक मंडल, ज्याला सर्वजण बीएमएस म्हणतात, संच वाचविण्यासाठी वीज एकाएकी तोडते. व्होल्टचा साधा काटा पाहून किती वीज उरली हे तिच्या बाबतीत उमगत नाही. किती अँपिअर-तास खर्च झाले हे मोजणारे मापक बसवून घ्यावे, अन्यथा भर खाचरात, गुडघाभर चिखलात यंत्र निमूटपणे उभे राहील. हे मंडल ओलाव्याला फार भिते, म्हणून पेटी पाणी व धूळ न शिरणारी असावी. आपल्या पावसात यात तडजोड चालणार नाही.

आता जुन्या बॅटरीचे पुढे काय होते, हा प्रश्न. शिशाचे पुरस्कर्ते म्हणतात की शिशाची बॅटरी जवळजवळ पूर्णपणे पुनर्वापरात जाते, भंगारातही तिला चांगला भाव येतो, लिथियमची वाट मात्र अजून कच्ची आहे. पहिले विधान कायदेशीर, परवानाधारक कारखान्यापुरते खरे आहे. परंतु तो भावच तिचा शाप होतो, कारण शिसे साध्या भट्टीत वितळते आणि तोडफोड करणाऱ्या हातगाडीवाल्यापासून आडबाजूच्या भट्टीपर्यंत जुन्या बॅटरीला कोठेही गिऱ्हाईक मिळते. सेनेगलची राजधानी डाकारजवळ थियारोये येथे बॅटऱ्यांतले शिसे काढण्याच्या धंद्यामुळे नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या अवघ्या काही महिन्यांत १८ मुले दगावली. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचे दाखविले, आणि त्याच्या प्रमुख कारणांत शिशाच्या बॅटऱ्यांच्या अनौपचारिक व निकृष्ट पुनर्वापराचा समावेश केला. त्या मुलांत भारतातील मुलांची संख्या सर्वाधिक आहे. शिशाने मुलाची बुद्धी खुंटते, आणि ती हानी भरून येत नाही. वसईच्या बालकाचा मृत्यू आपल्याला हेलावून सोडतो आणि सोडावयासच हवा. परंतु भट्टीच्या धुराने जी मुले शाळेत मागे पडतात, त्यांची बातमी कोणत्याही वृत्तपत्रात येत नाही, एवढ्याच कारणाने ती आपल्या हिशेबातून वगळली जाऊ नयेत.

ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी दोन्ही जातींच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि त्या कचराभूमीत पुरणे वा जाळणे यांस मनाई केली आहे. ज्या नगराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो आणि ज्या डोंगरावरील आगींचा धूर आजूबाजूच्या वस्तीने वर्षानुवर्षे गिळला आहे, त्या नगरात या नियमाची अंमलबजावणी ही कागदावर सोडून देण्याची बाब नाही. एक लिथियम संच त्या ढिगात चिरडला गेला तरी आग लागू शकते. महानगरपालिकेने पश्चिमेत जुन्या बॅटऱ्या जमा करण्याचे ठिकाण नेमून द्यावे आणि जमा झालेल्या प्रत्येक संचाची नोंद दप्तरी ठेवावी.

महानगरपालिकेच्या स्वतःच्या खरेदीविषयीही लिहिले पाहिजे. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या नगराला उद्यानांसाठी यंत्रे घ्यावी लागणारच. सार्वजनिक खरेदीचा आपल्याकडील प्रघात सर्वांत कमी दर देणाऱ्यास मक्ता देण्याचा आहे, आणि निविदेत केवळ ‘४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास’ एवढेच लिहिले तर शिशाचा दर खाली येणार हे ठरलेलेच. दोन-तीन वर्षांनी संच बसला की नव्या संचासाठी नवी दरखास्त, नवी मंजुरी, आणि तोवर यंत्र उद्यानाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गंजत पडलेले. निविदेत अँपिअर-तासांचा उल्लेखच नसावा. ‘दोन युनिट वापरण्याजोगी वीज, तीही दोन तासांत काढता येण्याजोगी, दोन हजार आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांची लेखी हमी, आणि मुदतीअखेर जुना संच परत नेण्याची पुरवठादारावर सक्ती’ असे कामाच्या भाषेतले कलम असावे. मग कोणी शिशाचा असा संच देऊ करीत असेल तर तो अवश्य घ्यावा. दराची तुलना दर आवर्तनामागे किती खर्च पडतो या आधारावर व्हावी. लेखापालाला हा हिशेब मांडणे मुळीच अवघड नाही.

ज्यांच्याकडे शिशाचे यंत्र आधीपासूनच आहे त्यांनी ते धावत जाऊन मोडीत काढण्याची गरज नाही. संच चांगला असेल तर त्याचे आयुष्य पूर्ण होऊ द्यावे. शिसे एकदा खाणीतून आले आहे, ते लवकर भट्टीत पाठविण्याने कोणाचेच भले होत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात जेथे यंत्र कायम सॉकेटजवळ उभे असते, जमीन घट्ट आहे आणि पहारेकरी दर महिन्याला पाणी घालण्याइतका भरवशाचा आहे, तेथे पुढची खरेदीही शिशाची करण्यात चूक नाही. जेव्हा केव्हा संच बदलून लिथियमचा बसविला जाईल तेव्हा मात्र जुना चार्जर त्याच दिवशी यंत्रापासून दूर करावा. शिशाच्या चार्जरमध्ये पट्ट्या साफ करण्यासाठी अधूनमधून अधिक दाब देण्याची जी योजना असते, तीच लिथियमच्या घटांना अपायकारक ठरते; आणि नवा संचही ४८ व्होल्टचाच म्हणविला जातो, प्लगही तोच, म्हणून घरातला कोणीतरी सवयीने जुना चार्जर लावील हे गृहीत धरून तो कपाटात न ठेवता विकून किंवा देऊन टाकावा. नव्या चार्जरवर सोळा घटांच्या लोह-फॉस्फेटसाठी ५८.४ व्होल्ट असा आकडा छापलेला आहे की नाही, हे दुकानातच वाचून घ्यावे, आणि पावतीवर बॅटरीची जात, अनुक्रमांक व उत्पादनाचा महिना लिहून घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत.